उतरायचं कुठं?

परगावी जायचं ठरलं की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो "उतरायचं कुठं?" हा. तिथं पाहायचं काय आणि खायचं काय, हे सगळं नंतर. काशीला निघालेला यात्रेकरू असो, नाहीतर मुलाखतीसाठी मुंबईची गाडी पकडणारा उमेदवार असो. रात्री पाठ टेकायला कुणाचं तरी छप्पर ठरल्याशिवाय मराठी माणूस घराबाहेर पाऊल टाकत नाही. मावशीचे दीर, साडूंचे स्नेही, कचेरीतल्या कुणाचा तरी रिकामा ब्लॉक, आणि काहीच जमलं नाही तर धर्मशाळा. हल्ली फोनवर खोली राखून ठेवायची सोय झाली. पण प्रश्न तोच राहिला. 'उतरणं' हा शब्दही मोठा बोलका आहे. पूर्वी माणूस बैलगाडीतून, घोड्यावरून खाली उतरे तो कुणाच्या तरी अंगणात. उतरणाऱ्याला पाय धुवायला पाणी देणारा कुणीतरी असणार, हे त्या शब्दातच गृहीत धरलेलं आहे. पाहुणा आहे म्हणजे यजमान आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता ॲडलेडला माझ्या ताईकडे गेलो होतो. दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन ताई दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या शहरात गेली, त्याला पंचवीस वर्षं झाली. ते पोर आता सहा फुटांचं झालं आहे. आठवड्याचे पाच दिवस हा माझा भाचा एका कचेरीत इंजिनिअर म्हणून काम करतो आणि उरलेले दोन दिवस फळीवर उभा राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्यात घालवतो. मराठी मात्र ताईच्या कृपेनं अस्सल सातारी बोलतो. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, आपण सगळे तीन रात्री समुद्रावर राहायला जाऊ या."

"उतरायचं कुठं?" मी सवयीनं विचारलं.

"वाळूत. माझ्याकडे दोन तंबू आहेत."

"आणि जेवणाखाण्याचं?"

"आपण नेऊ ते."

"पाणी?"

"तेही आपणच न्यायचं."

ही माझ्याकडे पाहू लागली. चार माणसं, तीन रात्री, आणि भिंत एकही नाही! मी एखादी बरीशी सबब शोधत होतो, तोच ताई म्हणाली, "मीही येते." भाच्याच्या हातातला घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत ती त्याच्या त्या समुद्रावर एकदाही गेली नव्हती. "मला बघवायचं नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर असे. या खेपेला पाठीशी भाऊ होता. अशा वेळी भावाला सबब शोधता येत नाही.

जायचं होतं त्या जागेचं नाव कॅक्टस बीच, म्हणजे शब्दशः निवडुंगाचा किनारा. या नावाची एक कथा सांगतात. १९६०च्या दशकात लाटांच्या शोधात हिंडणारे काही तरुण इथं येऊन पोचले, तेव्हा समुद्र अगदी मरगळलेला होता. तिकडच्या बोलीत निकामी झालेल्या वस्तूला 'कॅक्टस' म्हणतात. "ही जागा अगदीच कॅक्टस आहे," असं म्हणून ते वैतागले, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. पुढं त्याच किनाऱ्याची कीर्ती देशोदेशीच्या लाटबहाद्दरांत पसरली. आपल्याकडे नवसाच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाव धोंडू ठेवतात, तसाच हा प्रकार.

ॲडलेडहून सेडूना हे गाव सुमारे आठशे किलोमीटर. तिथून पश्चिमेला आणखी सत्तरएक किलोमीटरवर पेनाँग नावाचं खेडं लागतं. जमिनीतलं पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. इथवर रस्ता असा गुळगुळीत की मांडीवर चहाचा पेला ठेवावा. पेनाँगला गाडी डावीकडे वळली आणि डांबर संपलं. पुढं समुद्रापर्यंत एकवीस किलोमीटर कच्चा रस्ता होता. गाड्यांच्या येण्याजाण्यानं अशा रस्त्यावर आडव्या वळ्या पडतात आणि तो पन्हाळी पत्र्यासारखा होऊन जातो. भाचा खाली उतरला आणि चारही चाकांतली थोडी थोडी हवा त्यानं काढून टाकली.

"इथं पंक्चर मुद्दाम करतात वाटतं!" ही म्हणाली.

"मामी, टायर मऊ असला की दणका तो खातो. नाहीतर आपल्याला खावा लागतो."

तरीही आमच्या वाट्याला पुष्कळ दणके आले. मागं पांढुरक्या धुळीचा लोट उठला होता आणि पुढं ताईच्या मांडीवरल्या डब्यात चकल्यांचा चुरा होत होता. वाटेत मॅकडॉनेल नावाचं खारं सरोवर लागलं. रस्ता त्याच्या मधूनच जातो. एका अंगाचं पाणी निळसर हिरवं आणि दुसऱ्या अंगाचं लग्नघरच्या सरबतासारखं गुलाबी! अतिशय खारट पाण्यात वाढणारं एक सूक्ष्म शेवाळ आणि काही जिवाणू यांच्यामुळं हा रंग येतो, असं भाच्यानं सांगितलं. ही म्हणाली, "वेलची घातली असती तर बरं झालं असतं."

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बुटकी झुडपं, वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या पलीकडे अखंड घोष करणारा समुद्र. दुकान नाही, दिवा नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. चार साधे संडास तेवढे आडोशाला बांधलेले. जागा खाजगी मालकीची आहे. एक रखवालदार येऊन मुक्कामाचं जुजबी भाडं घेऊन गेला. यजमानाचं दर्शन काय ते तेवढंच. तंबूच्या खुंट्या वाळूत ठरेनात, तेव्हा भाच्यानं पिशव्यांत वाळू भरली, दोऱ्या त्या पिशव्यांना बांधल्या आणि पिशव्या खड्ड्यात पुरून टाकल्या. वाळू धरून ठेवत नाही म्हणून वाळूलाच कामाला लावायचं, ही युक्ती मला फार आवडली. वर्गातल्या उनाड मुलाला आपण मॉनिटर करतो, ती याच जातीची.

पाणी साठ लिटर आणलं होतं. चार माणसं आणि तीन दिवस, म्हणजे माणशी रोज पाच लिटर. आपल्याकडे शहरांच्या नळयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष धरतात. तेवढं मिळालं नाही की आपण नगरसेवकाच्या नावानं खडे फोडतो. इथं नगरसेवक नव्हता आणि खडेही नव्हते. पहिल्या सकाळी हिनं सारा कारभार ताब्यात घेतला. भांडी वाळूनं घासायची, समुद्राच्या पाण्यानं धुवायची आणि शेवटी ओंजळभर गोडं पाणी फिरवायचं. दाढीला अर्धी वाटी. आंघोळीचं नावच काढायचं नाही. घरी दिवसाकाठी किती पाणी लागतं ते मला कधीही सांगता आलं नसतं. तिथं मात्र पेल्यापेल्याचा जमाखर्च तोंडपाठ होता. 'पाण्यासारखा पैसा खर्च करणं' हा वाक्प्रचार मी वीस वर्षं मुलांना शिकवीत आलो आहे. त्या तीन दिवसांत आम्ही पैशासारखं पाणी खर्च केलं.

पण या किनाऱ्यावर पाण्याची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. याच किनाऱ्यावर आणखी पश्चिमेला फाउलर्स बे म्हणून जागा आहे. १८४१ साली एडवर्ड जॉन एअर हा इंग्रज प्रवासी तिथून निघाला आणि समुद्राच्या काठाकाठानं थेट आल्बनीपर्यंत गेला. बरोबर जॉन बॅक्स्टर हा गोरा सहकारी आणि तीन आदिवासी तरुण होते. वाटेत बॅक्स्टरचा खून झाला, दोन तरुण निघून गेले, आणि अखेर जुलै महिन्यात एअर आणि वायली नावाचा तिसरा तरुण असे दोघेच आल्बनीला पोचले. या प्रवासात पाण्यावाचून दिवसच्या दिवस जात. पहाटे पानांवर साचलेलं दव एअर स्पंजानं टिपून घेई आणि भांड्यात पिळी. वाळूच्या टेकड्यांत कुठं खणलं म्हणजे गोडं पाणी लागतं, ते त्याला दाखवलं तिथल्याच रहिवाशांनी. पांढऱ्या धुळीनं माखलेला एक अनोळखी माणूस दारी आला आणि त्यांनी त्याला पाणी दाखवलं. आम्ही ज्या राजमार्गानं आलो त्याला आज एअरचं नाव आहे. पाणी दाखवणाऱ्यांचं नाव मला कुठल्या पाटीवर दिसलं नाही.

विरंगू, मिर्निंग, कोकथा अशी तिथल्या मूळच्या लोकांची नावं. २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयानं त्या दूरच्या पश्चिम किनाऱ्यावरल्या फार मोठ्या प्रदेशावर अशा मूळ रहिवाशांचा परंपरागत हक्क मान्य केला. एअरच्या प्रवासानंतर एकशे बहात्तर वर्षांनी! ज्याला आपण निर्जन, मोकळी जागा म्हणतो, तिलाही यजमान असतो. तो ओसरीवर उभा दिसत नाही, एवढंच.

समुद्रावर आम्ही जसे पाहुणे, तशाच लाटाही पाहुण्याच. पेनाँगला फोन चालत होता तेव्हाच भाच्यानं टिपून ठेवलं होतं की, परवा सकाळी सातच्या सुमाराला मोठ्या लाटा येतील. मला मौज वाटली. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी आपल्याकडे त्या शब्दाची फोड करतात. आणि इथं तर अतिथीची तिथीच काय, वेळही ठरलेली! पण त्यामागं शास्त्र आहे. तिथून दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन अशी नाहीच. त्या महासागरात कुठंतरी वादळ उठतं आणि त्याच्या धक्क्यानं लाटा निघतात. दोन लाटांमध्ये पंधरा सेकंदांचं अंतर असलं, तर असा लाटांचा तांडा दिवसाला सुमारे हजार किलोमीटर मजल मारतो. वॉल्टर मंक या शास्त्रज्ञानं १९६३ साली दक्षिण गोलार्धातल्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग अख्खा पॅसिफिक ओलांडून अलास्कापर्यंत काढला होता. यात पाणी एवढा प्रवास करीत नाही. ते जागच्या जागी वर्तुळात फिरतं. पुढं जाते ती हालचाल. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला म्हणजे कणसं आपापल्या ताटालाच राहतात आणि डोल मात्र बांधापर्यंत जातो, तसं. मग किनारा येतो, पाणी उथळ होतं, लाटेचे पाय खडकाला लागतात. पाय अडखळतात, डोकं पुढं झुकतं, आणि दोन-दोन हजार किलोमीटर चालून आलेली ती लाट आपल्या डोळ्यांदेखत फुटते.

हाच दक्षिणेचा समुद्र आपल्याकडेही पाहुणे पाठवतो. केरळात वारा नसताना, पाऊस नसताना एकाएकी समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरल्या घरांत शिरतो. तिथले कोळी त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. तो हिंदी महासागराच्या अगदी दक्षिण टोकाच्या वादळांतून आलेला असतो. आता हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडून त्याची आगाऊ सूचना मिळते. उंच लाटांचे असे इशारे आपल्या कोकणालाही दिले जातात.

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी लाटा आल्या. भाचा काळा रबरी पोशाख चढवून फळी काखेत मारून निघाला. मी ताईकडे पाहिलं नाही. त्या पाण्यात पाच-सहा मीटरपर्यंत वाढणारा पांढरा शार्क असतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या बाजारात मोरी म्हणून विकायला येते ती त्याची गरीब नातलग. २००० सालच्या सप्टेंबरात याच किनाऱ्यावर एका लाटस्वाराचा शार्कनं बळी घेतला आणि दुसऱ्याच दिवशी एलिस्टन गावाजवळ दुसऱ्याचा. तो महिना ताईनं मनात कोरून ठेवला होता. तेव्हा तिचा मुलगा पोहायला शिकण्याच्या वयाचा होता.

ताई तंबूत गेली आणि पिशवीतून नारळ घेऊन बाहेर आली. ॲडलेडहून तिनं तो कुणाला न सांगता आणला होता.

"आई, हे काय?"

"समुद्राला नारळ द्यायचा आहे."

"इथं काहीच टाकायचं नाही. आणलेलं सगळं परत न्यायचं, असा नियम आहे आमचा."

"मी टाकत नाही रे. देते आहे."

मी भाषेचा शिक्षक. पण टाकणं आणि देणं यांतला भेद इतक्या थोडक्यात मला कधी समजावून देता आला नव्हता. भाचा क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, "दे. पण परत घे." ताईला ते पटलं. देवालाही आपण नैवेद्य दाखवतो आणि मग आपणच जेवतो. तिनं गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ लाटेला टेकवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, आणि काठच्या खडकावर तो वाढवला. आतलं पाणी समुद्राला गेलं, खोबरं आम्हाला आणि करवंट्या कचऱ्याच्या पिशवीत. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून भाचा पाण्यात शिरला.

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. पाण्यावर पाच-सहा काळे ठिपके होते, त्यांतला आपला कुठला ते कळेना. लाट उभी राहिली की सगळे ठिपके नाहीसे होत आणि ताईचा श्वास थांबे. लाट सरली की ती बोटानं मोजी. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा लाट. पुन्हा मोजणी. ही तिच्याजवळ बसून होती. बोलत कुणीच नव्हतं. मग एका मोठ्या लाटेच्या खांद्यावर एक ठिपका सरकला, लांब झाला, आणि ताई ताडकन उठली.

"उभा राहिला बघ!"

साताऱ्याच्या आमच्या घराच्या ओसरीवर हाच मुलगा भिंतीचा हात सोडून पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा तिनं हेच तीन शब्द याच आवाजात उच्चारले होते. ते ऐकायला तेव्हा मीच धावत बाहेर आलो होतो. मध्ये पंचवीस वर्षं आणि दोन गोलार्ध गेले. पण शब्द तेच आले.

तो बाहेर आला तेव्हा थंडीनं कुडकुडत होता. ताई त्याला रागावली नाही, पुन्हा जाऊ नकोस असंही म्हणाली नाही. तिनं त्याचं डोकं पंचानं खसाखसा पुसलं आणि म्हणाली, "जायचं तर जात जा. पण त्या घरच्यांना विचारून जात जा."

"कुणाला?"

"ज्यांचं पाणी आहे त्यांना."

भाचा हसला नाही, याचं मला बरं वाटलं.

त्या रात्री बरोबर नेलेल्या सरपणाची लहानशी शेकोटी केली. वर दक्षिणेला त्रिशंकू चांगलाच उंच आला होता. कोकणात मे महिन्यात तो क्षितिजाजवळ जेमतेम वर डोकावतो. इथं तो डोक्याकडे चढून बसलेला. ताई बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. "साताऱ्याला असताना हा अधांतरी लटकलेला वाटायचा," ती म्हणाली. "इथं बघ कसा घरच्यासारखा बसलाय." एवढंच म्हणून ती झोपायला गेली. मी बाहेरच बसून राहिलो. आपल्या माणसाची काळजी कधी संपत नाही. तिला बसायला जागा मिळाली म्हणजे पुष्कळ झालं.

निघताना भाच्यानं तंबूच्या जागेभोवती वाकून दोन फेऱ्या मारल्या. सुतळीचे तुकडे, काडेपेटीची जळकी काडी, चकलीच्या पुडक्याचा कागद, सगळं पिशवीत गेलं. पुरलेल्या पिशव्या उकरून वाळू परत ओतली. आम्ही तिथं तीन रात्री राहिलो होतो, हे सांगणारी एकही खूण मागं उरली नाही. परतताना सेडूनाच्या नाक्यावर गाडी थांबवून आमचे डबे पाहिले. पश्चिमेकडून येणाऱ्यांबरोबर फळमाशी पूर्वेकडच्या बागांत जाऊ नये म्हणून तिथं फळं काढून घेतात. हिची चार लिंबं गेली. पण ही कुरकुरली नाही, म्हणाली, "त्यांच्या घरचा नियम आहे."

दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबं आता कोकणात उतरतील. हल्ली तिथंही समुद्राकाठी तंबू लागतात. मुलांना ती मौज जरूर दाखवावी. भिंतीवाचून घालवलेली एक रात्र त्यांना घराविषयी जे शिकवते, ते घरात बसून शिकवता येत नाही. पाणी मात्र मोजून न्यावं आणि कचरा मोजून परत आणावा. आणि शेकोटी पेटवण्यापूर्वी, मोठे दिवे लावण्यापूर्वी जरा खाली पाहावं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वर येतात आणि वाळूत अंडी पुरून निघून जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ सालापासून गावकरी ही घरटी राखतात. पिल्लं बाहेर येतात ती उजेडाची दिशा धरून चालू लागतात. समुद्रावरचा मंद उजेड त्यांना पाण्याकडे नेतो; आपला झगझगीत दिवा त्यांना उलट्या दिशेला, मरणाकडे नेऊ शकतो. किनारा कितीही मोकळा दिसला, तरी तिथं यजमान असतो. कधी कधी तो वाळूखाली झोपलेला असतो.